ओढ्यापलीकडचा पंचनामा

मोरदरीच्या नलिनीला गावात नलिनी कुणी म्हणत नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांची ती नले, बरोबरीच्यांची नलूताई, आणि भांडण जुंपलं की कोतवालीण. दवंडी देणं, नोटिसा पोचवणं, तलाठी आला की त्याच्याबरोबर शिवार फिरणं, हे तिचं काम. मध्यंतरी सरकारनं कोतवाल हे नाव काढून महसूल सेवक असं भारदस्त नाव दिलं, तर ही बाई चावडीच्या ओट्यावर उभी राहून म्हणाली, "नाव बदललं, आता माज्या तुटक्या चपला कोण बदलून देतंय?" अशी तोंडाची फटकळ, पण कामाला कधी मागं सरली नाही.

तिचा बाप कोंडाजी तिच्याआधी कोतवाल होता. लहानपणी त्याच्या मागं मागं फिरून तिला शिवारातला बांध न् बांध पाठ झाला. लग्न झालं, ते दोन वर्षांत मोडलं, आणि ती माहेरी परत आली तेव्हा लोकांनी तिला काय काय नावं ठेवली ते विचारू नका. पुढं बापाच्या जागी नेमणूक झाली आणि तीच तोंडं गोड झाली. उरवड्याकडचे कारखाने वाढले, डोंगराच्या पायथ्याला पुण्याच्या लोकांचे बंगले उठले, तलाठी तर दर दोन-तीन वर्षांनी बदलून जातात. कुठलं खाचर कुणाचं हे बघायचं तर नलिनीलाच विचारायला लागतं. ती बोट दाखवेल ते रान त्या माणसाचं. गावातली आपली सगळी पत त्या एका बोटावर उभी आहे हे तिलाही पक्कं ठाऊक होतं.

एका हिवाळ्यात ही बाई ओढ्याच्या वाटेनं जाईनाशी झाली. घरापासून चावडीला ओढ्याकाठून दहा मिनिटं लागतात. ती डांबरी सडकेनं अर्ध्या तासाचा वळसा घालायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "तितं काटं लई झाल्यात." कसले काटे? त्या वाटेवर गवतसुद्धा धड उगवत नाही.

झालं ते असं. दिवाळीच्या तोंडावर भात कापायला आलं होतं. विळे लोहाराकडून शेवटून, धार लावून तयार, माणसं सांगून ठेवलेली, आणि पाऊस लागला. चार दिवस त्यानं डोळा उघडू दिला नाही. उघडल्यावर बघतात तर सगळा इंद्रायणी भात आडवा, लोंब्या चिखलात. आमच्या भागात भाताचा विमा फारसं कुणी उतरवत नाही. चार-चार गुंठ्यांची खाचरं, त्यातही भावाभावांच्या वाटण्या, कागद गोळा करण्यातच जीव मेटाकुटीला येतो. मोरदरीत तर एकाचाही विमा नव्हता. राहिली ती सरकारची मदत. पण ती मिळायची तर पंचनामा व्हायला हवा. तलाठ्यानं रानात यायचं, आडवं पीक डोळ्यांनी बघायचं, शेतकऱ्याला त्यात उभं करून फोटो काढायचा, कागदावर पंचांच्या सह्या घ्यायच्या. पीक जागेवर दिसलंच पाहिजे. म्हणून पहिल्याच दिवशी नलिनी घरोघर बजावून आली, "पंचनामा हुईस्तवर कुणी भाताला हात लावायचा न्हाई. उचललं की मदत बुडाली म्हणून समजा!"

तलाठी म्हणजे मनीष भाऊसाहेब. कोवळा गडी, नोकरीला दोन वर्षंही झालेली नाहीत, तीन गावांचा भार डोक्यावर, आणि वरून रोज फोन, किती झाले, किती राहिले. चार दिवस त्या दोघांनी शिवार तुडवलं. नलिनीच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, पाऊल टेकलं की कळ मस्तकात जायची. चौथ्या दिवशी ऊन कलायच्या बेताला ते ओढ्यापाशी आले. ओढा गढूळ, फुगलेला. पलीकडं वेळूचं बेट, आणि बेटामागं भैरूतात्याची दोन खाचरं. भैरूतात्या आणि त्यांची बायको रत्नाबाई, दोघंच. लेक भुकूमला दिलेली. गावाचं सगळं रान ओढ्याच्या अलीकडं, पलीकडं एकट्या भैरूतात्यांचं.

मनीषनं कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, "नलिनीताई, पलीकडं कुणाचं काही आहे?"

नलिनीनं ओढ्याकडं बघितलं, आपल्या पायांकडं बघितलं. "न्हाई भाऊसाहेब," ती म्हणाली. "पलीकडं पडीक हाय."

मनीषनं सुटकेचा श्वास सोडला, सगळं शिवार पाहिलं असं लिहून खाली सही केली आणि दोघं माघारी फिरले. वळणावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली रत्नाबाई भेटली, ती पंच रान बघून आले असं समजून घराकडं गेली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं हो. उद्या सकाळी पाय जरा हलके झाले की भाऊसाहेबांना म्हणू, एक राहिलंच बघा, आणि जाऊन येऊ, एवढंच तिनं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मनीष कागद घेऊन तालुक्याला गेला, तो तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या पंचनाम्यांना जुंपला गेला. आता सांगायचं म्हणजे मी खोटं बोलले असं सांगायचं. आज सांगू, उद्या सांगू करत ती गप्प बसली.

भैरूतात्या मात्र गप्प बसणारे नव्हते. रानडुकरं येतात म्हणून त्यांनी खाचराच्या कडेला माळा बांधला होता, त्याच्यावर ते मुक्कामालाच गेले. नलिनी सकाळी चावडीला निघाली की पलीकडून हाक यायची, "नलेऽऽ! आलं का गं पंच?"

"येत्यात तात्या!" ही अलीकडून ओरडायची. "भाताला हात नका लावू!"

हे वाक्य तिच्या तोंडातून पहिल्यांदा गेलं तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. दुसऱ्यांदा जरा सोपं गेलं. नंतर ते रोजचंच झालं. गावातल्या बाकीच्या लोकांनी तोवर चिखलातून मिळेल ते उचललं, कुणी पोतंभर दाणे झोडून घेतले, कुणी गुरांपुरता पेंढा वाळवला. भैरूतात्यांचं भात तसंच पडून. पडल्या लोंबीतच दाण्याला मोड आले. रत्नाबाई एकदा चावडीवर येऊन म्हणाली, "नले, निम्मं तरी काढू का गं? डोळ्यांदेखत कुजतंय." नलिनी कागदातून मान वर न करता म्हणाली, "दोन दिवस कळ काढा काकू." रत्नाबाई पदर सावरून माघारी फिरली.

एकोणिसाव्या दिवशी भैरूतात्यांची हाक आली नाही. ओल्या माळ्यावर झोपून झोपून ताप भरला होता, खाली उतर म्हटलं तर ऐकेनात. शेवटी चौघांनी उचलून घरी आणलं. गाडी बघेपर्यंत म्हातारा गेला.

दहाव्याला सगळं गाव नदीवर. पिंड ठेवला, माणसं मागं सरली. चिंचेवर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, म्हणून मग एकेकानं पुढं होऊन सांगायला सुरुवात केली. जावई म्हणाला, "आईंना मी अंतर देणार न्हाई." भावकीतला एकजण म्हणाला, "तात्या, बंगलेवाल्यांना तुमचं रान इकू देणार न्हाई." कावळे ढिम्म. ऊन चढलं. मग रत्नाबाई पुढं झाली, पदर खोचला आणि म्हणाली, "पंच येईस्तवर भाताला कुणाला हात लावू देणार न्हाई. मी बसते राखायला."

एक कावळा खालच्या फांदीवर आला. लोकांत कुजबुज झाली, त्याचंच आहे, पंचनाम्यातच जीव अडकलाय म्हाताऱ्याचा. आणि सगळ्यांची तोंडं नलिनीकडं वळली. "नलूताई, तू सांग की. तुझं ऐकंल त्यो. सांग, पंच येत्यात म्हणून."

खरं ओठांपर्यंत आलं होतं. शंभर माणसं बघत होती. ती पिंडासमोर जाऊन उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "येत्यात तात्या."

कावळा दगडावर उतरला. मान तिरकी करून त्यानं पिंडाकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं, आणि उडून गेला. पुन्हा एकही आला नाही. दुपारी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं उपाशीतापाशी घरी गेली.

त्या दिवसापासून नलिनीची झोप उडाली असं म्हणता आलं असतं, पण झोप तिला लागायची. तिचा छळ मांडला होता तो दिवसाढवळ्या. भर दुपारी चावडीत रजिस्टर उघडून बसली असताना हाक यायची, "नलेऽऽ!" हातातलं फुलपात्र खाली पडायचं. बाहेर येऊन बघावं तर ओट्यावर कुत्रं झोपलेलं, बाकी शुकशुकाट. तांदूळ धुवायला घेतले की तिला प्रत्येक दाण्याला मोड आलेला दिसायचा. मग ती ते पाणी ओतून द्यायची, पुन्हा धुवायची, पुन्हा बघायची. शेवटी तिनं घरात भात करणंच सोडलं, भाकरीवर राहू लागली. शेजारणीनं एकदा सुचवलं, देवऋषाला दाखवून ये. नलिनी उसळून म्हणाली, "माज्या अंगात काय आलेलं न्हाई!" आणि मग घरात जाऊन, दार लावून ढसाढसा रडली.

रत्नाबाई सांगितल्याप्रमाणे माळ्यावर जाऊन बसली होती. दिवस उगवायला जायची, दिवस मावळायला, दहाव्यापासून माहेरी राहिलेल्या लेकीच्या धाकानं घरी यायची. खालच्या अंगाची खाचरं, ओढ्याचा ओलावा धरून. पडलेल्या भातातून नवं भात उगवून वर आलं. सगळ्या गावाची रानं वाळून करडी झालेली, आणि ओढ्यापलीकडं ते दोन हिरवेगार तुकडे. डोंगरावरून गुरं राखणारे म्हणायचे, भैरूतात्यानं मेल्यावर पेरणी केली बघा. हे ऐकलं आणि नलिनीनं ओढ्याची वाट टाकली.

मदतीची यादी लागली ती पुढच्या महिन्यात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चार पानं. नावं वाचून दाखवायचं काम नलिनीचंच. वाचून झाली, लोक पांगले, रत्नाबाई तेवढी उभी राहिली.

"आमचं?" तिनं विचारलं.

"पुढच्या यादीत यील, काकू."

रत्नाबाईनं तिच्याकडं एकदा नीट बघितलं. "बरं," म्हणाली आणि पुन्हा रानाची वाट धरली. ही म्हातारी उन्हातान्हात, त्या कुजक्या हिरव्या तुकड्यापाशी, आपल्या एका शब्दावर बसून आहे, हे नलिनीला त्या क्षणी पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी दिसलं. आपण मेलो तरी ती बसूनच राहील. नलिनी भिंतीला टेकली. मग तशीच रत्नाबाईच्या मागं चालू लागली, ओढ्याच्या वाटेनं.

ओढा आता आटला होता, दगडांवरून पाय न भिजवता जाता येत होतं. वेळूच्या बेटाला वळसा घालून ती बांधावर आली आणि समोरचं बघून तिच्या अंगावर काटा आला. वरून हिरवंगार, आणि बुडाला जुनं भात काळं पडून सडलेलं. त्याचा वास नाकात बसला. रत्नाबाई माळ्याच्या खांबाला टेकून बसली होती.

"काकू," नलिनी म्हणाली, "पंच येणार न्हाईत. कवाच येणार नव्हतं. मीच भाऊसाहेबांना सांगितलं, पलीकडं पडीक हाय म्हणून."

आता ही शिव्या देईल, अंगावर धावून येईल, काहीतरी करील, म्हणून नलिनी वाट बघत राहिली. रत्नाबाई म्हणाली, "ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"ह्यांनी." म्हातारीनं बेटाकडं हात केला. "तितं उभं हुतं त्या सांजंला. पंच आलं म्हणून मुंडासं बांधून, सदरा बदलून गेलं हुतं, फोटू काढत्यात म्हणून. हाक मारायला हात वर केला, तवर तुजं बोलणं कानावर आलं. तितंच खाली बसलं."

नलिनीला बांधावर उभं राहवेना. ती चिखलातच बसली. "मग बोललं का न्हाईत? गावात सांगायचं, चावडीवर यायचं, माज्या तोंडात मारायची!"

"मी बी तेच म्हणलं. म्हणलं, चला, चारचौघांत इचारू तिला. तर मलाच दटावलं. म्हणलं, कोंडाजीची पोरगी हाय, लई दमलीया, उद्या तिची तीच यील. म्हणलं, आपुण भात काढलं तर रान मोकळं दिसंल, मग तिचं बोलणं खरं हुईल आन् तिला माघारी यायला तोंड ऱ्हाणार न्हाई. म्हणून राखत बसलं. रोज सकाळी तुला हाक मारत हुतं ती काय पंचाची चौकशी करायला? त्येंला ठावं हुतं पंच येत न्हाईत. म्हणायचं, आज बोलंल पोरगी, आज बोलंल."

वेळूच्या बेटात वारा शिरला, पानं सळसळली. नलिनीनं दचकून तिकडं बघितलं. कुणी नव्हतं.

"मला तुजा राग हुता, नले," रत्नाबाई म्हणाली. "आजून हाय. म्हातारं गेलं माजं. तुला बरं वाटावं म्हणून मी काय गोड बोलणार न्हाई. निम्मं काढू का म्हणून चावडीवर आले ती त्यांच्या चोरून आले हुते. तवा तरी तू बोलशील असं वाटलं हुतं." तिनं पदरानं नाक पुसलं. "मी हितं बसले ती ह्यांचं काम ऱ्हायलंय म्हणून. जा आता, काय करायचं ती कर."

नलिनी तशीच चिखलानं भरलेल्या लुगड्यानं चावडीत आली. मनीष भाऊसाहेब आज गावात होता, जेवणाचा डबा उघडून बसला होता. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. रंग उडाला बिचाऱ्याचा. सगळं शिवार पाहिलं ही सही त्याचीच होती ना.

मग डबा बंद करून त्यानं कोरा कागद काढला. "राहून गेलेल्यांसाठी अर्ज घेतायत अजून, परवापर्यंत. तुमचा जबाब जोडला तर फेरपंचनामा होईल. रत्नाबाईंना मिळेल." तो थांबला. "पण ताई, जबाबात लिहायचं काय? खोटं सांगितलं असं लिहिलं तर तुमची नेमणूक जाईल. माझीही चौकशी लागेल."

"लागू दे."

"ऐका तर." त्यानं आवाज खाली आणला, आणि खरं सांगायचं तर त्यात तिच्याबद्दलची काळजीही होती. "ओढ्याला पूर होता, पलीकडं जाणं जिवावरचं होतं, म्हणून रान बघता आलं नाही, असं लिहू. त्या दिवसांत सगळीकडं पूरच होता, कोण नाही म्हणणार? त्यांनाही मदत मिळेल, तुमचंही पद राहील. कुणाचं काही वाकडं होत नाही."

नलिनी कागदाकडं बघत राहिली. साधी सोपी वाट होती. अकरा वर्षांचं काम, त्याच्या आधी बापाचं, ओट्यावर उभं राहून बोलायचा मान, सगळं त्या एका ओळीनं वाचणार होतं. आणि मग परत कुणाच्या तरी वळचणीला, नवऱ्यानं टाकलेली म्हणून. तिनं डोळे मिटले तर पलीकडच्या काठावर धुतला सदरा घालून, हात वर करून म्हातारा उभा.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "आपुण माघारी फिरलो ना, तवा वळणावर आपल्याला रत्नाकाकू भेटली हुती. डोक्यावर गवताचा भारा. आठवतंय?"

"असेल. का?"

"ती पलीकडनंच आली हुती, ओढ्यातनं. लुगडं गुडघ्यापतुर भिजलं हुतं, वर कोरडं. मी बघितलं हुतं."

मनीषनं पेन खाली ठेवलं. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती काही केल्या सुरू होत नव्हती. "मग काय लिहू?" त्यानं विचारलं. "पूर नव्हता, तर का गेला नाहीत? कारण तर द्यावंच लागेल."

"दमले हुते."

"एवढंच?"

"एवढंच."

मनीष पेन उचलेना. नलिनीनं मग कागद आपल्याकडं ओढला, पदराला हात पुसले, आणि आपल्या मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं. ओढ्याला पाणी गुडघ्याएवढं होतं. पलीकडं भैरू यांचं भात होतं. मला माहीत होतं.